जुन्या डिस्कवरचं कुंकू

उषाताई, मंडळाच्या शोकसभेत मी बोलायचं आहे असं तुमच्या भाचीने, सायलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास तसाच ताटात ठेवला. बायकोला वाटलं, तुमच्या आठवणीने माझा कंठ दाटला. तिने पाण्याचा पेला पुढे केला, पाठीवरून हात फिरवला, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. त्यात रडलोही, नाही असं नाही, पण जास्त दिवस भिण्यातच गेले.

मंडळाच्या सेक्रेटरींना एक पान हवं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव आणि कधीही भरून न येणारी पोकळी. ते पान कुणीही लिहील. मनमिळाऊ तर तुम्ही नव्हतातच. साहेबांना तोंडावर "आप समझे नहीं, सर" म्हणणारी बाई मनमिळाऊ कशी असेल? माझ्या अर्ध्या चुका तुम्ही चारचौघांत काढल्या आणि उरलेल्या अर्ध्या गुपचूप दुरुस्त केल्या. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला माझ्यापाशी पुष्कळ आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं बोलण्याचा मला हक्क नाही.

त्या खंडेनवमीला ग्वाल्हेरात, गोरखीच्या आपल्या ऑफिसात हार्ड डिस्क पुसली गेली. कशी पुसली गेली, हे तुम्ही मला शेवटपर्यंत विचारत राहिलात. मला ते माहीत होतं.

मी जन्माचा भित्रा, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कम्प्यूटरच्या खोलीबाहेर चपला काढायची तेव्हा पद्धत होती. आत गालिचा, पडदे आणि एसी. शिपाई तर दारातूनच हात जोडायचा. मी चपलांबरोबर मोजेही काढले आणि अनवाणी, चोरासारखा तुमच्यामागे उभा राहिलो. तुम्ही मशिनचं झाकण उघडून माझं डोकं जवळजवळ आतच घातलंत आणि म्हणालात, "बघून घे नीट. आत काही भूत नाही बसलेलं." तुमचं घराणं दक्षिणेतून तलवार घेऊन आलेलं, आमचं पळी-पंचपात्र घेऊन. काही अवघड काम निघालं की तुम्ही पदर खोचायचात आणि म्हणायचात, "तुम्ही मंत्र म्हणा भटजी, मी मैदानात जाते." मला त्याचा राग कधीच आला नाही. मैदानात जायला कुणीतरी आहे, याचं मला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी राज्याचे दोन भाग व्हायचे होते. पेपरात त्याला पुनर्गठन म्हणत, आमच्या थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांत 'रायपूरचं संकट' म्हणत. खात्यातल्या प्रत्येकाने एक अर्ज भरायचा होता: इकडे राहायचं की तिकडे, नव्या राज्यात, जायचं, आणि का. ते सगळे अर्ज आपण दोघांनी आपल्या त्या एकुलत्या एक मशिनमध्ये चढवत आणले होते. त्यावरून यादी निघणार होती. आमच्या घरी आईला दमा. तुमच्या घरी आबा, वर्षभरापासून अर्धं अंग लुळं पडलेले. तुमचे भाऊ पुण्याला. आबांना घास भरवायला तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुम्ही अर्जात ते दोन ओळींत लिहिलं होतं. मी माझ्या आईचा दमा दीड पान लिहिला होता.

आणि नेमकी तेव्हाच डिस्क कुरकुरायला लागली. मधूनच आतून टकटक आवाज यायचा, पडदा गोठायचा, मग आपोआप पुढे जायचा. शिवाय ती भरतही आली होती. तुम्ही साहेबांच्या मागे लागून नवी मोठी डिस्क मागवलीत. ती आली तेव्हा अर्ज चढवण्याचं काम संपत आलं होतं आणि भोपाळहून रोज फोन येत होते. पहिल्या सुट्टीलाच डिस्क बदलायची, असं तुम्ही ठरवलंत. ती सुट्टी खंडेनवमीची निघाली.

तुम्ही सकाळी आबांची शस्त्रपूजा उरकून आलात. आबांना उठता येत नव्हतं, तरी तलवार त्यांच्या पलंगाशी आणून, त्यांचं बोट कुंकवात बुडवून तुम्ही ते तलवारीला टेकवलं होतंत. हे तुम्ही आल्या आल्या सांगितलंत. मग पर्समधून तुम्ही त्यातलंच कुंकू काढलंत, पुडीत बांधून आणलेलं, आणि झेंडूची चार फुलं. ऑफिसच्या शस्त्रांची पूजा नको का, म्हणालात. टेबलावर पंचा अंथरला. स्क्रू काढायचा पेचकस, चिमटा, मशिनमधून काढलेली जुनी डिस्क आणि शेजारी नवी.

दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. वरच्या कागदावर बारीक आकडे होते, तेवढाच फरक. आपल्या जुन्या मशिनला नव्या डिस्कची पूर्ण जागा ओळखता येत नव्हती, त्यामुळे पडद्यावरही दोन्ही सारख्याच दिसणार होत्या. हे तुमच्या आधीच लक्षात आलं होतं. तुम्ही बोट ओलं केलंत, कुंकवात टेकवलंत आणि जुन्या डिस्कवर ठसठशीत टिळा लावलात.

"ही भरल्या घरची," तुम्ही म्हणालात. "हिच्यातून घ्यायचं, कोरीत टाकायचं. उलट झालं तर दोन्ही कोऱ्या. समजून राहिलास ना?"

मी मान डोलावली. मग सुट्टीलाही ऑफिसात आलेल्या साहेबांनी तुम्हाला कुठल्याशा कागदावर सही करायला बोलावलं. जाताना तुम्ही म्हणालात, तू तोवर फुलं वाहून घे, पण हात लावू नको.

मी फुलं वाहिली. हात जोडले. आणि मला ती कोरी डिस्क दिसली, बिनकुंकवाची. उषाताई, आमच्या घरी आई म्हणायची की नवमीच्या पूजेत जे हत्यार वगळलं जातं, ते वर्षभरात उलटतं. विळीला, सुईला, माझ्या शाळेच्या कंपासपेटीलासुद्धा ती आठवणीने कुंकू लावायची. आणि इथे तर ज्या डिस्कवर उद्यापासून माझा अर्ज, माझ्या आईचा दमा, माझं ग्वाल्हेर राहणार होतं, तीच कोरी. मला राहवलं नाही. मी तिलाही बोट टेकवलं.

बोट उचललं आणि मला कळलं की मी काय केलं. आता दोघींनाही कुंकू होतं. बाहेर व्हरांड्यात तुमचा आवाज ऐकू आला, चौकीदाराशी बोलत होतात. मी खिशातला रुमाल काढला, थुंकी लावून ओला केला, आणि नवीचं कुंकू पुसायला डिस्क उचलली. ती सारवासारव करताना दुसरीवरचं फूल घसरलं, मी तीही उचलली. दोन हातांत दोन डिस्क. कुठल्या हातात कुठली, हे एका क्षणापूर्वी मला माहीत होतं. पुढच्या क्षणी नव्हतं. बारीक आकडे वाचता आले असते, पण नवीचे कुठले आणि जुनीचे कुठले, हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही दाराशी आलात. मी एकीचं पुसलं आणि दोन्ही खाली ठेवल्या.

तुम्ही टेबलापाशी आलात, कुंकवाची डिस्क हातात घेतलीत, तिची वायर जोडलीत, मग दुसरीची. जुन्या डिस्कमधली अक्षरं न वगळता जशीच्या तशी नवीत उतरवून काढणारा एक प्रोग्राम तुम्ही फ्लॉपीवर आणला होता. शेवटचं बटन दाबण्याआधी तुम्ही माझ्याकडे वळलात.

"माधव, एकदा बघून घे. बरोबर आहे ना?"

"हो ताई," मी म्हणालो.

तेवढ्यावर तुम्ही बटन दाबलंत.

पुढची चाळीस मिनिटं मी तुम्हाला कधी सांगितली नाहीत. पडद्यावर एक पट्टी होती आणि ती डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलाने सरकत होती. तुम्ही डब्यातले आबांचे आवडते शंकरपाळे काढलेत, मला दिलेत, रायपूरला म्हणे उन्हाळा आपल्याहून बरा असतो असं काहीतरी बोललात. मी शंकरपाळा तोंडात धरून बसलो होतो, तो विरघळेना. माझ्या मनात एकच हिशोब चालू होता: बरोबरच पुसलं असेल. उजव्या हातात नवीच होती. की डाव्या? आत्ता "थांबा" म्हटलं तर जेवढं गेलं तेवढंच गेलं, बाकीचं वाचेल. पण आत्ता "थांबा" म्हटलं तर का म्हणून विचारतील. आणि कदाचित बरोबरच असेल, मग उगाच हात दाखवून अवलक्षण. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा मी दोनदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, पाणी हवंय का. मी म्हटलं, हो.

मशिन पुन्हा चालू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: डिस्कवर काहीच नाही. तुम्ही डिस्क बदलून पाहिलीत. तीच ओळ. मग तुम्ही त्या खुर्चीवर बसलात, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, आणि त्यांच्याकडे बघत राहिलात. मी तुम्हाला घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी तेव्हाही बोललो असतो. खरंच, माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुम्ही आधी बोललात. "मी उलट्या जोडल्या रे," म्हणालात. एवढं म्हटल्यावर मला वाट मोकळी झाली. मी मूग गिळून उभा राहिलो. रुमाल माझ्या खिशात होता, लाल डागाचा. घरी आल्यावर मी तो आईला धुवायला न देता चुलीत घातला.

साहेबांनी विचारलं, "उषाजी, ये हुआ कैसे?" तुम्ही म्हणालात, "सर, मेरे हाथ से हुआ।" माझं नाव घेणं तर सोडाच, मी खोलीत होतो हेसुद्धा तुम्ही सांगितलं नाहीत.

मग सुरू झाली ती धावपळ. फ्लॉप्यांवर उतरवलेलं होतं ते दोन महिन्यांपूर्वीचं, त्यात अर्ज नव्हतेच. कागदावरचे गठ्ठे पुन्हा उघडून सगळं पहिल्यापासून चढवायचं होतं. तुम्ही ठरवलंत की बाहेरच्या जिल्ह्यांचे गठ्ठे आधी आणि आपल्या ऑफिसचा सगळ्यांत शेवटी. नाहीतर लोक म्हणतील, आधी स्वतःचं पाहिलं. मी होय म्हटलं आणि चौथ्या दिवशी, तुम्ही आबांना औषध द्यायला घरी गेलात तेव्हा, आपल्या गठ्ठ्यातून माझा एकट्याचा अर्ज काढून मधेच चढवून टाकला. भोपाळने मुदत वाढवली नाही. आपल्या ऑफिसचा गठ्ठा तसाच राहिला. ज्यांचे अर्ज चढले नव्हते ते 'विकल्प दिला नाही' म्हणून गेले, म्हणजे कुठेही पाठवायला मोकळे. यादी आली, त्यात आपल्या ऑफिसातले सक्सेनाजी होते, आणखी काही जण होते, आणि तुम्ही होतात. मी नव्हतो.

तेवढं तुम्हाला कळलं होतं. स्टेशनवर, रायपूरच्या गाडीत सामान लावून झाल्यावर, तुम्ही खिडकीतून माझा हात धरलात आणि म्हणालात, "तुझा अर्ज तू आधी चढवलास ते मला दिसलं होतं. तुझी आई आजारी आहे, बरं केलंस. मनाला लावून घेऊ नको." गाडी सुटेपर्यंत मी रडत होतो. लोकांना वाटलं, केवढी माया. तुम्ही मला लहान गुन्ह्याची माफी दिलीत आणि मी ती मोठ्या गुन्ह्यालाही पांघरून घेतली. त्या पांघरुणाखाली मी इतकी वर्षं काढली.

आबांना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून ते इथेच एका बाईच्या भरवशावर राहिले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. मी होतो तिथे, भाऊही पुण्याहून पोचले होते. तुम्ही अजून गाडीत होतात. आबांनी दोनदा तुमचं नाव घेतलं. तुम्ही आल्यावर मला विचारलंत, काही म्हणाले का? मी सांगितलं, शांत झोपेत गेले. तेही खोटंच होतं, पण ते खोटं मी तुमच्यासाठी बोललो. आधीचं माझ्यासाठी होतं.

पुढे बदली करून घेऊन तुम्ही परत आलात. माणूस तेच होतं, फक्त हात बदलले होते. नवी मशिनं आली होती, चपला बाहेर काढायची पद्धत गेली होती, आणि तुम्ही कुठल्याच मशिनचं झाकण उघडेनात. प्रिंटरची शाई संपली तरी मला हाक मारायचात. मी ती बदलत असताना तुम्ही दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायचात, लहानपणी आपल्याला काचेच्या दुकानात उभं करत तसं. एकदा मी म्हटलं, ताई, हे तर तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही हसलात. "माझ्या हाताला यश नाही रे," म्हणालात.

आणि तो प्रश्न. तो कधीही यायचा. चहा पिताना, पाटणकर बाजारात भाजी घेताना, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात असताना. "माधव, कुंकू मी जुनीलाच लावलं होतं ना?" आणि मी म्हणायचो, "हो ताई, जुनीलाच लावलं होतं." हे उत्तर खरं होतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं. तुम्ही मग कपाळाला आठी घालून म्हणायचात, मग कुंकवाचीच वायर मी चुकीची जोडली असणार, पण मला तर अगदी पक्कं आठवतं. आपला हा एकच वाद कधी मिटला नाही, आणि त्यात दोन्ही बाजूंनी तुम्ही एकट्याच भांडत होतात.

तुमच्या निवृत्तीच्या समारंभात सक्सेनाजी स्टेजवर गेले. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मनात काही नसतं. माईक धरून म्हणाले, "उषाजी ने एक बटन दबाया और हम सीधे रायपुर!" सगळा हॉल हसला. तुम्हीही हसलात. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मला दिसत होतं की तुम्ही हात पदराखाली घेतले आहेत. तेव्हा उठून बोलायला दहा पावलं चालायची होती. मी जागेवरच बसून टाळ्या वाजवल्या.

हे सगळं आज लिहितोय ते काही अचानक शूर झालो म्हणून नाही. परवा सायलीने बोलावलं. ती पुण्याहून तुमच्याकडे कॉलेजसाठी आली, इथलीच हिंदी-मराठी बोलायला लागली आणि इथेच नोकरी धरून राहिली, ते एक बरं झालं. शेवटची वर्षं घरात कुणी होतं. म्हणाली, आत्याचा कम्प्यूटर चालू व्हायला पंधरा मिनिटं घेतो, टकटक करतो. "सारे फोटो उसी में हैं, काका. सभेसाठी पाहिजेत. डिस्क बदलवून द्याल? आत्या म्हणायची, तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नको."

तुम्ही असं म्हणायचात, हे मला माहीत नव्हतं.

बाजारामागच्या गल्लीतला तुमचा जिना मी चढलो. टेबलावर तिने नवी डिस्क आणून ठेवली होती, हल्लीची, पत्त्यांच्या कॅटएवढी, जुनीहून अगदी वेगळी दिसणारी. चुकायला जागाच नव्हती. तरी माझा हात पुढे होईना. मी सायलीला जुनीवर चिठ्ठी चिकटवायला लावली. दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचायला लावले. पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हटलं, बटन तू दाब. पोरीने दाबलं. पट्टी सरकायला लागली आणि मी खुर्ची टेबलापासून मागे ओढली.

ती म्हणाली, "काका, आत्या पण असंच करायची. हर चीज़ तीन-तीन बार. तुम्ही दोघं इतके का घाबरता?"

मी तिला सांगितलं. कुंकू, रुमाल, दोन हात, ते "हो ताई", ती चाळीस मिनिटं, सगळं. तिच्याकडे न बघता, पट्टीकडे बघत सांगितलं. संपल्यावर ती उठली. स्वयंपाकघरात गेली, मला वाटलं पाणी आणायला गेली. ती तुमची गोळ्यांची डबी घेऊन आली, वारांचे खण असलेली, आणि माझ्यासमोर ठेवली.

"ये डिब्बी आत्या ख़ुद नहीं भरती थी," ती म्हणाली. "कधीच नाही. मैं कहती थी, इतना तो आप कर सकती हो. तर म्हणायची, मी भरली तर उलटसुलट होईल. काका, मला वाटायचं ती आळस करते. मी चिडायची तिच्यावर."

मग ती रडली. मला वाटलं होतं, ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "तुम्ही बताया क्यों नहीं?" मी म्हटलं, भीती वाटली. कुणाची, असं तिने विचारलं. मी खूप विचार केला, उषाताई. साहेब केव्हाच निवृत्त झाले, खातं बदललं, आई गेली, माझी स्वतःची पेन्शन सुरू झाली. सजा करणारं कुणी उरलं नव्हतं. पहिली काही वर्षं मी नोकरीला भ्यालो. त्यानंतर मी फक्त तुम्हाला भ्यालो. तुम्ही स्टेशनवर धरलेला तो हात काढून घ्याल, याला.

शेवटच्या आठवड्यात तुमच्या उशाशी बसलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला वाटलं, आता तो प्रश्न येणार आणि या वेळी मी सांगणार. मी तयार होतो, निदान मला तसं वाटलं. तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. "थकलास, घरी जा," म्हणालात. आणि मला, देवा शपथ, सुटल्यासारखं वाटलं. मी घरी आलो, पोटभर जेवलो आणि झोपलो. त्या सुटकेची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

तुम्ही मला काय दिलंत ते लिहायला बसलो तर हे पान पुरणार नाही. आईच्या दम्याच्या त्या वाईट हिवाळ्यात तुम्ही रोज घरी येऊन तिची छाती शेकलीत. माझ्या हातातली थरथर घालवलीत. मी आज कुठलंही मशिन उघडू शकतो, ते तुमच्यामुळे. माझी भीती तुम्ही काढून घेतलीत, आणि मी ती तुमच्याच हातांत भरली. तुम्ही शेवटपर्यंत ती सांभाळलीत, स्वतःची समजून.

डिस्क नीट झाली आहे. सगळे फोटो आले. एका फोटोत तुम्ही उघड्या मशिनसमोर पेचकस घेऊन उभ्या आहात, रायपूरच्या आधीच्या. सायलीने तोच सभेसाठी काढला आहे.

मी तिला म्हटलं, माझा आवाज बसला तर हे तू वाचून दाखवशील का? नाही म्हणाली. "ये आपको ही पढ़ना पड़ेगा, काका."

आज दुपारी सेक्रेटरींचा फोन आला होता. बोलणाऱ्यांची नावं वाचून दाखवली. आधी सक्सेनाजी, ते तुमची एक गमतीची आठवण सांगणार आहेत, म्हणजे वातावरण हलकं होईल. मी सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, माझं नाव पहिलं घाला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सक्सेनाजी जी आठवण सांगणार आहेत, ती उषाताईंची नाही. माझी आहे.